मोठ्या डॉग शोला कुत्रा नेताना: सांगली-साताऱ्याच्या मालकांसाठी नियम आणि तयारी

ऑक्टोबर उजाडला की डॉग शोच्या जाहिराती मोबाइलवर फिरू लागतात. पुणे, मुंबई, कोल्हापूर, बेळगाव, कधी आपल्याच जिल्ह्यातलं एखादं मैदान. हंगाम साधारण फेब्रुवारीपर्यंत चालतो, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे कुत्र्याला दिवसभर मैदानात ठेवणं धोक्याचं असतं. जाहिरात बघून उत्साहाने एन्ट्री केली जाते आणि गेटवर गाडं अडतं. लसीचा दाखला जुना निघतो, नाव दुसऱ्याच माणसाचं असतं, नाहीतर कुत्रा स्पीकरचा आवाज ऐकून गाडीतून उतरायलाच तयार होत नाही. शोची तयारी किमान तीन महिने आधी, घरी सुरू करावी लागते. हा लेख त्या तीन महिन्यांबद्दल आणि शोच्या एका दिवसाबद्दल आहे.

शो कोणता, ते आधी नीट बघा

'डॉग शो' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळे कार्यक्रम भरतात. कृषी प्रदर्शनात, शाळेच्या मैदानावर किंवा एखाद्या मंडळाने भरवलेला हौशी शो असतो. तिथे नोंदणी जागेवर होते, सगळ्या जातींची आणि बिनजातीची कुत्रीही येतात, आणि बक्षीस बहुतेक वेळा निगा, आज्ञाधारकपणा किंवा दिसण्यावर मिळतं. दुसरा असतो चॅम्पियनशिप शो, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडिया या कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या नियमांखाली एखाद्या संलग्न क्लबने घेतलेला. या संस्थेचं मुख्यालय चेन्नईत आहे. अशा शोमध्ये एन्ट्री आधीच बंद होते, कागदपत्रं तपासली जातात आणि परीक्षक जातीच्या ठरलेल्या मानकाशी कुत्रा ताडून बघतो.

याखेरीज एकाच जातीचे स्पेशालिटी शो असतात. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, डॉबरमन यांचे शो त्यात येतात. तुमच्याकडे एकाच जातीचा कुत्रा असेल तर असा शो पहिल्यांदा फक्त बघायला जा, कुत्र्याला घरी ठेवून. एका दिवसात जेवढं कळतं तेवढं वर्षभर व्हिडिओ बघून कळत नाही.

माण, आटपाडी, जत भागातल्या वाचकांना परीक्षण समजायला अवघड जाऊ नये. खिलार जनावरांच्या प्रदर्शनात दात बघतात, पाय बघतात, चालवून बघतात, कातडी आणि ठेवण बघतात. इथेही तेच. फरक एवढाच की इथे प्रत्येक जातीचं मानक लेखी असतं आणि परीक्षकाच्या मनात त्या मानकातला कुत्रा असतो. शेजारच्या कुत्र्यापेक्षा तुमचा उंच आहे म्हणून तो जिंकेल असं नाही. मानकापेक्षा उंच असेल तर ती खोटच धरली जाते.

शोचं माहितीपत्रक पूर्ण वाचा. एन्ट्री कधी बंद होते, कोणत्या वयोगटात भरायचं, गेट किती वाजता उघडतं, कोणती लस किती दिवस आधीची हवी, एन्ट्री न केलेला कुत्रा आवारात चालतो का, हे सगळं त्यात असतं. या लेखात जे सांगतोय ते बहुतेक मोठ्या शोना लागू पडतं, पण माहितीपत्रकात वेगळं लिहिलं असेल तर माहितीपत्रक खरं. ज्या क्लबचा शो आहे त्याच्या सेक्रेटरीला फोन करायला लाजू नका. एन्ट्रीआधी विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळतं, शोच्या सकाळी कुणाला वेळ नसतो.

कुत्रा नेण्याजोगा आहे का?

हा प्रश्न आधी सोडवा, मगच पैसे भरा. मालकाची हौस आणि कुत्र्याचा स्वभाव यांचा मेळ बसतोच असं नाही. अनोळखी माणसाने तोंड उघडून दात बघितले, पाठीवरून हात फिरवला, मागच्या पायांपर्यंत चाचपलं, तर कुत्रा स्थिर उभा राहतो का? चार फुटांवरून दुसरा नर गेला तरी भानावर राहतो का? लाऊडस्पीकर सुरू असताना खातो-पितो का? तिन्ही उत्तरं नाही असतील तर या हंगामात नेऊ नका. शिकवून पुढच्या हंगामात न्या. घाबरलेला कुत्रा चावतो, आणि रिंगणात परीक्षकाला चावलेल्या कुत्र्याला बाहेर काढतात.

काही गोष्टींना पर्यायच नाही. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू नेऊ नका, 'फक्त बघायला' म्हणूनही नाही. गाभण किंवा पिल्लांना पाजणारी मादी नेऊ नका. मादी माजावर आली असेल तर आयोजकांना आधी विचारा. परवानगी असली तरी भोवतीच्या नरांचं लक्ष उडतं आणि तिलाही दिवसभर त्रास होतो, म्हणून मला विचाराल तर घरी ठेवा. खोकला, जुलाब, डोळ्यांतून घाण, त्वचेवर गोल चट्टे, यांतलं काही असेल तर एन्ट्री फी बुडाली असं समजा आणि थांबा. तुमच्या दोन हजारांसाठी शेकडो कुत्र्यांत रोग पसरवायचा नसतो.

नराच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच जणांना शोच्या दिवशीच कळते. ठेवणीच्या परीक्षणात नराची दोन्ही वृषणं व्यवस्थित खाली उतरलेली असावी लागतात, परीक्षक हाताने तपासतो. त्यामुळे नसबंदी केलेला नर त्या विभागात चालत नाही. नसबंदी चुकीची आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. पैदास करायची नसेल तर नसबंदी करावीच. अशा कुत्र्याला हौशी शो किंवा आज्ञाधारकपणाच्या स्पर्धेत न्या.

रॉटवायलर, पिटबुल, अकिता, केन कोर्सो अशा जातींच्या मालकांनी आणखी एक बाब लक्षात ठेवावी. १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या पशुसंवर्धन विभागाने २३ जातींवर निर्बंध घालण्याबाबत राज्यांना पत्र पाठवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवलं. तरीही या जातींसाठी मुसकं, जाड पट्टा किंवा वेगळी जागा अशा अटी आयोजक घालू शकतात. अट असो वा नसो, मुसकं घालायची सवय घरी लावून ठेवा. मुसक्याच्या आत पनीरचा तुकडा ठेवा, कुत्रा स्वतःहून तोंड घालेल. आठवड्याभरात मिनिट-दोन मिनिटांवरून अर्ध्या तासापर्यंत न्या.

कागदपत्रं: इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो

पिल्लू विकत घेताना 'पेपरवालं', म्हणजे नोंदणीचा दाखला असलेलं, म्हणून जास्त पैसे घेतले जातात. पुढे दोन वर्षांनी बघावं तर तो पेपर अजून विकणाऱ्याच्याच नावावर. चॅम्पियनशिप शोला एन्ट्री ज्याच्या नावाने होते तो नोंदणीतला मालक असावा लागतो. म्हणून पहिलं काम मालकी हस्तांतराचं. पिल्लाचा जन्म झाल्यावर पैदासकार पिल्लांची नोंद करतो, मग विक्रीनंतर हस्तांतराचा अर्ज त्याच्या सहीने जातो. पिल्लू घेताना त्याच दिवशी त्या अर्जावर सही घ्या. नंतर माणूस फोन उचलत नाही, पत्ता बदलतो, आणि तुम्ही अडकता. संस्थेकडून नवा दाखला यायला वेळ लागतो, त्यामुळे नोव्हेंबरच्या शोसाठी पावसाळ्यातच अर्ज करा.

देशात कुत्र्यांची नोंदणी करणाऱ्या संस्था एकापेक्षा जास्त आहेत. एका संस्थेचा दाखला दुसऱ्या संस्थेच्या शोला चालेलच असं नाही. दाखल्यावर कुणाचा शिक्का आहे ते बघा आणि शो कुणाचा आहे ते ताडून बघा.

आपल्या भागात हे विशेष महत्त्वाचं आहे, कारण जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे घरोघर कारवानी कुत्री आहेत. पलीकडे कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळवरून हीच कुत्री मुधोळ हाउंड म्हणून ओळखली जातात, आणि २००५ साली टपाल खात्याने देशी जातींची चार तिकिटं काढली त्यात तिचा समावेश होता. केनेल क्लब ऑफ इंडिया याच जातीची नोंद कॅरव्हॅन हाउंड या नावाने करतो. शेतावर जन्मलेल्या पिल्लाची कुणी नोंद केलेली नसते, पण म्हणून तुमचा कुत्रा कायमचा बाहेर राहत नाही. वंशावळ नसलेल्या कुत्र्याची तपासणी करून नोंद करण्याची पद्धत आहे. त्यासाठी जवळच्या संलग्न क्लबशी बोला. आपल्या मातीतली ही जात रिंगणात दिसली पाहिजे असं मला मनापासून वाटतं, म्हणून तेवढी खटपट कराच. एक सांगतो: शर्यतीच्या किंवा सशाच्या शिकारीच्या गप्पा शोमध्ये मारू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकार गुन्हा आहे.

नोंदणीसोबत मायक्रोचिप येते. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने बसवतात. तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. तो नोंदणी दाखल्यावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. शोला निघण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे स्कॅनर फिरवून घ्या. क्वचित चिप खांद्यावरून खाली सरकते आणि गेटवरच्या माणसाला सापडत नाही. ती कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल तर दोन मिनिटांत काम होतं.

वयोगटाचंही बघा. पपी, ज्युनियर, इंटरमीडिएट, ओपन, भारतात पैदास झालेल्यांसाठीचा, चॅम्पियन असे वर्ग असतात आणि वय शोच्या दिवशीचं धरतात, एन्ट्री भरली त्या दिवशीचं नाही. दोन दिवस इकडे-तिकडे झाले तर वर्ग बदलतो. फॉर्मवर जन्मतारीख, नोंदणी क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग दाखल्यावर आहे तसंच लिहा. घरचं नाव टॉमी आणि दाखल्यावरचं चार शब्दांचं असेल तर चार शब्दांचंच लिहायचं.

लसी आणि तब्येत

रेबीजचा दाखला नाही तर प्रवेश नाही, हा नियम सगळीकडे सारखा. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की जवळपास कुणी वाचत नाही, त्यामुळे या नियमात ढिलाई मागू नका आणि देऊही नका. पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, त्यानंतर डॉक्टर सांगतील तसा बूस्टर आणि दरवर्षी एक. पहिल्यांदाच दिलेली लस अंगात मुरायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून शोच्या आदल्या दिवशी टोचून आणलेल्या दाखल्याला अर्थ नसतो आणि बरेच आयोजक तो नाकारतात. लस शोच्या किमान महिनाभर आधीची आणि वर्षाच्या आतली असावी.

दाखल्यावर लसीचं नाव, बॅच नंबर, मुदत, दिलेली तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असला पाहिजे. नुसता स्टिकर चिकटवलेलं आणि सही नसलेलं कार्ड कितीतरी जणांच्या घरात असतं. आजच काढून बघा.

दुसरी लस अनेक रोगांवरची असते: डिस्टेंपर, पार्वो, हिपॅटायटिस, पॅराइन्फ्लुएन्झा आणि लेप्टो. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देत साधारण १६ आठवड्यांपर्यंत नेतात, पुढे बूस्टर. पार्वोचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो, म्हणून शोचं मैदान हे अर्धवट लसीकरण झालेल्या पिल्लासाठी सगळ्यात वाईट ठिकाण. लेप्टोबद्दल सांगलीकरांनी जास्त जागं राहावं. उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात हा रोग पसरतो, आणि २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर कृष्णाकाठच्या वस्त्यांत पाणी-चिखल कसा साठतो हे आपण पाहिलंय. ही लस दरवर्षी घ्यावी लागते. शिवाय केनेल कफवरची, म्हणजे कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्यावरची, लस नाकात थेंबाच्या रूपात मिळते. जिथे शंभर कुत्री एकत्र श्वास घेतात तिथे जाताना ती घेणं शहाणपणाचं. शोच्या आधी दोन-तीन आठवडे द्या.

जंताचं औषध आणि गोचीड-पिसवांचं औषध शोच्या दहा-पंधरा दिवस आधी द्या, आदल्या दिवशी नको. गोचिडांचं थेंबाचं औषध मानेवर टाकल्यावर केस तेलकट होतात, आणि परीक्षकाचा हात त्यावरून फिरणार असतो.

गुंतागुंतीचा आजार असेल किंवा दुसरं मत हवं असेल तर आपल्याजवळ शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. सातारा जिल्ह्यातच असल्यामुळे पुण्याला जाता-येता वाटेवर पडतं.

घरची शिकवणी

रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. रिंगणात कुत्रा तुमच्या डाव्या बाजूला असतो आणि गोल घड्याळाच्या उलट दिशेने धावायचं असतं, कारण परीक्षक मध्ये उभा असतो आणि त्याच्या व तुमच्या कुत्र्याच्या मध्ये तुम्ही येता कामा नये. ही दिशा पाठ करून घ्या. मग सरळ जाऊन सरळ परत येणं, त्रिकोणात धावणं, आणि शेवटी परीक्षकासमोर चारही पायांवर नीट उभं राहणं. छोट्या जातींना टेबलावर तपासतात. घरचा लाकडी टेबल आणि त्यावर रबरी चटई पुरे.

दात दाखवायची सवय ओळखीच्या माणसाने लावायची, मग शेजाऱ्याने, मग पूर्ण अनोळखी माणसाने. तुमच्या गल्लीतल्या दोन-तीन जणांना रोज विनंती करा. ओठ हलकेच वर करायचे, पुढचे दात कसे बसतात ते बघायचं, सोडायचं, लगेच खाऊ. उकडलेल्या चिकन लिव्हरचे बारीक तुकडे किंवा पनीर उत्तम. रिंगणात खाऊ खिशात चालतो, पण तुकडे गवतावर पडू देऊ नका. मागून येणाऱ्या कुत्र्याचं लक्ष तिथेच अडकतं.

गर्दीची सवय लावण्यासाठी सांगलीत आमराईच्या बाहेर किंवा आठवडी बाजाराच्या कडेला, साताऱ्यात चार भिंतीच्या वाटेवर संध्याकाळी जा. गर्दीच्या मध्यात घुसायचं नाही. कुत्रा ज्या अंतरावर आरामात खातो तिथे उभं राहायचं आणि आठवड्यागणिक अंतर कमी करायचं. गणेशोत्सवातल्या मिरवणुकीचे डीजे मात्र सराव म्हणून वापरू नका. कुत्र्याच्या कानाला तो आवाज दुखतो आणि एकदा बसलेली भीती निघायला महिने जातात.

शरीराबद्दल एक मत. आपल्याकडे 'खाऊन-पिऊन तयार' कुत्रा म्हणजे चांगला असा समज आहे. लॅब्राडोर पाण्याच्या टाकीसारखा गोल झालेला असतो आणि मालकाला कौतुक. परीक्षकाला बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत आणि वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. कारवानीसारख्या धावणाऱ्या कुत्र्याच्या नितंबाची हाडं थोडी दिसली तरी ते बरोबर असतं, त्याला भाकरी-दूध घालून जाडा करू नका. स्नायू चालण्याने आणि पळण्याने येतात. त्यासाठी सकाळी सातच्या आधी, मऊ वाटेवर दोन-तीन किलोमीटर पुरेत.

नखं दर आठवड्याला थोडी थोडी कापा. आंघोळ मऊ केसांच्या कुत्र्याला आदल्या दिवशी, राठ केसांच्या कुत्र्याला दोन-तीन दिवस आधी, कारण आंघोळीनंतर राठ केस मऊ पडतात. केसांना रंग लावणं, नाकाला काळं फासणं, पावडर अंगावर राहू देणं हे सगळं नियमाबाहेर. परीक्षकाच्या हाताला रंग लागला तर कुत्रा बाद होऊ शकतो.

प्रवास

सांगलीहून पुणे साधारण २३५ किलोमीटर आणि साताऱ्याहून ११०. महामार्गाने गाडीत नेणं सगळ्यात सोयीचं. कुत्रा उभा राहून वळू शकेल एवढा पिंजरा गाडीत घट्ट बांधा. पिंजरा बसत नसेल तर छातीचा पट्टा सीटबेल्टला अडकवा. मांडीवर घेऊन किंवा खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊन नेऊ नका. निघण्याआधी तीन-चार तास खायला देऊ नका, पाणी थोडं थोडं चालतं. दर दोन तासांनी थांबा. खंबाटकी घाटात वळणांनी ज्या कुत्र्यांना उलटी होते, त्यांच्यासाठी डॉक्टरांना विचारून प्रवासाचं औषध घ्या, पण गुंगीचं औषध स्वतःच्या मनाने कधीच नको. त्याने अंगाचं तापमान आणि श्वास दोन्ही बिघडू शकतात आणि शोमध्ये गुंगीतला कुत्रा चालत नाही.

रेल्वेने जायचं असेल तर नियम असा: कुत्रा तुमच्यासोबत फक्त एसी प्रथम वर्गात येऊ शकतो आणि त्यासाठी दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण तुमच्या नावावर लागते. नाहीतर ब्रेक व्हॅनमधल्या डॉग बॉक्समध्ये. दोन्हीसाठी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात आधी बुकिंग करावं लागतं, लसीचा दाखला तिथेही बघतात. मिरज, सांगली, सातारा तिन्ही ठिकाणी थांबणारी महालक्ष्मी एक्सप्रेस मुंबईच्या शोसाठी सोयीची. डॉग बॉक्स मी कुणालाही सुचवणार नाही. अंधार, आवाज आणि उकाड्यात कुत्रा रात्रभर एकटा राहतो, आणि सकाळी उतरतो तेव्हा रिंगणात उभं राहण्याच्या अवस्थेत नसतो. शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचा.

बंद गाडीत कुत्रा सोडून 'पाच मिनिटांत येतो' म्हणून चहाला जाऊ नका. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत वीस मिनिटांत तापमान ४५ च्या आसपास जातं. काच दोन बोटं खाली ठेवल्याने काही फरक पडत नाही.

गेटपासून रिंगणापर्यंत

गेट उघडल्यावर लवकर पोहोचा. मूळ दाखला आणि त्याच्या प्रती, लसीचं कार्ड, एन्ट्रीची पावती, आधार कार्ड, महापालिकेचा परवाना काढला असेल तर तो, हे सगळं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये हातात असू द्या, गाडीच्या डिकीत नको. पशुवैद्यक कुत्र्याला वरवर बघतात. खोकला किंवा त्वचेचा रोग दिसला तर ते परत पाठवू शकतात, आणि त्यांच्याशी वाद घालायचा नसतो. मग दंडावर लावायचा नंबर आणि कॅटलॉग मिळतो. कॅटलॉगमध्ये स्वतःचं नाव, वर्ग आणि रिंगण नंबर लगेच तपासा. चूक असेल तर परीक्षण सुरू व्हायच्या आधी सेक्रेटरीच्या टेबलावर सांगा.

आवारात पट्टा कायम हातात आणि आखूड. लांब सुटणारा दोरीचा पट्टा, काटेरी गळपट्टा, घुंगरांचा पट्टा हे घरी ठेवा. दुसऱ्याच्या कुत्र्याला हात लावण्याआधी विचारा. तुमच्या कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्याचं नाक लावू देऊ नका, दोघांची ओळख करून देण्याची ही जागा नाही. लहान मुलं धावत येतात. त्यांना थांबवणं मालकाचंच काम. वडापाव, भजी, चॉकलेट कुणी प्रेमाने पुढे केलं तर नम्रपणे नाही म्हणा. चॉकलेट, कांदा, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात, आणि आपल्या तासगावच्या भागात बेदाणे तर प्रत्येकाच्या खिशात असतात. घाण लगेच पिशवीत उचला, पिशव्या जास्त न्या. पाणी आणि भांडं घरचं वापरा, सामाईक बादलीतलं पाणी पाजू नका.

सावलीची जागा सकाळीच धरा. जमीन तापली आहे का हे बघायला हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा, टेकवता आली नाही तर कुत्र्याचे पंजेही भाजतात. कुत्र्यांना आपल्यासारखी घामाची सोय नसते, आणि पग, बुलडॉग, शिट्झू, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची धाप लागून थंड व्हायची क्षमताही कमी असते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. जोरात धाप, चिकट लाळ, लालभडक हिरड्या, लडखडणं ही उष्माघाताची लक्षणं. दिसताच सावलीत घ्या, सगळ्या अंगावर गार पाणी ओता, पंखा किंवा वारा घाला आणि थंड करत करतच डॉक्टरांकडे न्या. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका आणि ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते.

कुत्रा कुणाला चावलाच तर लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा आणि त्या माणसाला त्याच दिवशी रुग्णालयात पाठवा. सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवावं लागतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळलेल्या जनावराबाबत निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तुमचा लसीचा दाखला इथे सगळ्यात आधी विचारला जातो.

पिल्लं विकायला मैदानात आणू नका. २०१७ च्या श्वान पैदास आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. मैदानाबाहेर टोपलीत पिल्लं घेऊन बसलेल्या माणसाकडून तर काहीच घेऊ नका, ती पिल्लं बहुतेक पार्वो घेऊनच घरी येतात.

रिंगणात

तुमच्या वर्गाची हाक कुणी घरी येऊन देत नाही. स्टुअर्ड, म्हणजे रिंगणातला परीक्षकाचा मदतनीस, दोनदा पुकारतो आणि पुढे जातो. आधीचा वर्ग सुरू असतानाच रिंगणाजवळ उभे राहा आणि परीक्षक सगळ्यांना कसं धावायला लावतोय ते बघा, म्हणजे तुमच्या वेळी गोंधळ होणार नाही.

परीक्षकाशी स्वतःहून बोलायचं नाही. त्याने वय विचारलं तर वय सांगा. बापाचं नाव, आधी कुठे जिंकला, कुणाच्या केनेलचा, यातलं काहीही सांगणं गैर मानतात. रिंगणाबाहेरून घरच्यांनी शिट्ट्या मारणं, नाव घेऊन हाका मारणं, खेळणं हलवणं यालाही मनाई असते. घरच्यांना हे आदल्या दिवशी समजावून सांगा, कारण उत्साहात तेच जास्त हाका मारतात. समोरचा हळू धावत असेल तर त्याच्या अंगावर चढू नका, थोडं अंतर ठेवून धावा. परीक्षक तपासत असताना पट्टा सैल पण हातात, आणि कुत्र्याच्या तोंडाजवळ तुमचा हात असू द्या.

वर्गातला पहिला पुढे त्या जातीतल्या नर किंवा मादीच्या फेरीत जातो. तिथून बेस्ट ऑफ ब्रीड, मग जातींच्या गटातला सर्वोत्तम, आणि गटविजेत्यांमधून बेस्ट इन शो. जातीत जिंकलात तर गटाच्या फेरीला हजर राहायचं असतं, त्यामुळे दुपारी निघून यायचं नियोजन करू नका. निकाल मान्य नसेल तरी रिंगणात हुज्जत नको. तक्रार करायचीच तर ती लेखी असते, ठराविक रक्कम भरून सेक्रेटरीकडे द्यायची असते, आणि ती नियमभंगाबद्दल असते. परीक्षकाच्या आवडीबद्दल तक्रार होत नाही. परीक्षण संपल्यावर, त्याला मोकळा वेळ असेल तर, 'सर, पुढच्या वेळी काय सुधारू?' असं विचारलं तर बहुतेक परीक्षक मनापासून सांगतात.

आणि जिंकलात तर गुलाल, हलगी आणि फटाके आवाराबाहेरही नकोत. शेजारच्या पिंजऱ्यातलं पिल्लू पहिल्यांदाच शोला आलेलं असतं.

परत आल्यावर

घरी पोहोचताच पंजे आणि पोट धुऊन पुसा, कानामागे आणि बोटांच्या फटीत गोचीड आहे का बघा. बुटांचे तळवे एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी या मिश्रणाने धुवा, पार्वोवर ते चालतं. भांडी, पिंजरा, चटई यांनाही तेच. घरात लहान पिल्लू किंवा लस न झालेलं कुत्रं असेल तर शोहून आलेल्याला दोन आठवडे वेगळं ठेवा. खोकला, उलटी, रक्ताचे जुलाब, सुस्ती, नाक गळणं यांपैकी काही दिसलं तर वाट बघू नका. पार्वोची लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, केनेल कफची दोन आठवड्यांपर्यंतही. डॉक्टरांना 'शोला गेलो होतो' हे आधी सांगा. त्यामुळे निदान लवकर होतं, आणि त्याच शोला गेलेल्या इतरांनाही क्लबच्या ग्रुपवर लगेच कळवता येतं.

दोन दिवस सरावाला सुट्टी द्या. प्रमाणपत्रावर कुत्र्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक बरोबर आहे का ते तपासा, आणि चूक असेल तर कॅटलॉगच्या त्या पानाचा फोटो जोडून क्लबला त्याच आठवड्यात लिहा.